समोरच्या दोन खोल्या

टक्, टक्. मग थोडी शांतता. मग वीतभर खाली, पुन्हा टक्.

वाकवलेल्या बोटाच्या पेराने भिंतीवर केलेला तो आवाज माझ्या कानात इतका मुरला आहे, की आजही कुणाच्या नव्या घरी गेले आणि यजमान कौतुकाने खोल्या दाखवू लागले की मी नकळत त्याची वाट पाहते. भाऊ कुठेही गेले तरी आधी भिंत वाजवून पाहत. डॉक्टर रोग्याच्या पाठीवर बोटे ठेवून ऐकतात तसे; मान कलती, डोळे मिटलेले. आत ओल असली की आवाज बसका येतो, कोरडी भिंत खणखणीत बोलते, असे त्यांचे शास्त्र होते. "माणूस लपवते, बाई. भित नाही लपवत," हे वाक्य त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवले. त्यांच्या बोटांना मिलमधल्या मशीनच्या तेलाचा वास येई. साबण, राख, लिंबू, सगळे करून झाले पण तो वास काही जात नाही, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार होती, आणि ती करताना त्या नेहमी हसत.

भाऊ आमचे घरमालक. पण हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. "मालक मिलचा राह्यते," ते म्हणत. "मले भाऊ म्हणा." तेव्हा मीही इथे तेवढेच म्हणते.

सत्तर सालानंतरची ती वर्षे. मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवण्याची नोकरी लागली आणि आईला घेऊन मी काटोलहून नागपूरला आले. त्या काळी एकट्या बाईने नागपुरात भाड्याचे घर शोधणे म्हणजे काय, हे ज्यांनी शोधले त्यांनाच ठाऊक. दार उघडण्याआधी प्रश्न उघडत. आडनाव काय? घरात पुरुषमाणूस कोण? लग्न का नाही झाले? धंतोलीतल्या एका सुशिक्षित बाईंनी तर मला आत बोलावून, सरबत देऊन, माझ्या आजोळचे आडनाव विचारले, कारण वडिलांच्या आडनावावरून त्यांचा निर्णय होत नव्हता.

अजनीच्या बाजूला, रेल्वेच्या क्वार्टरांपलीकडे, भाऊंचे घर होते. पुढे दोन खोल्या, मागे दोन खोल्या, मध्ये एक कडुनिंब. मागच्या खोल्या रिकाम्या होत्या. भाऊ सायकल भिंतीला टेकवून उभे होते. खाकी हाफ शर्ट, पायात टायरच्या चपला. त्यांनी मला विचारले, "माणसं किती?"

"दोन. मी आणि आई."

"झालं मंग. तेवढंच पाह्यजे होतं."

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत उभी राहिले. तो येईना, तेव्हा सवयीने मीच आडनाव सांगायला तोंड उघडले. चौकातला शिपाई गाडी थांबवतो तसा त्यांनी हात वर केला. "ते तुमच्याजवळच राहू द्या, बाई. घर माणसाले देऊन राहिलो मी."

माझे आडनाव या लेखात येणार नाही. त्यांनी ते विचारले नव्हते; तुम्हीही विचारू नये.

माझी आई मात्र त्यांचे आडनाव काढण्याच्या मागे होती. चहा देता देता ती गाव विचारी. "पारशिवनी," भाऊ सांगत. पारशिवनीत कोणत्या आळीला? "आता तं आळीच नाही राह्यली, आई, घर पडलं." देवाला कुठे जाता? "कामाले जातो." हा खेळ वर्षभर चालला. मग बुद्धपौर्णिमेला भाऊ खिरीची वाटी घेऊन आले. ती हातात घेऊन आई क्षणभर दारात उभी राहिली. तिने खीर खाल्ली, वाटी घासली, आणि काटोलहून मामाने पाठवलेली दोन संत्री त्या वाटीत घालून परत दिली. आमच्याकडे आलेली वाटी रिकामी परत देत नाहीत. माझ्या आईच्या बाजूने तेवढे पुष्कळ होते, आणि भाऊंना ते कळले असावे, कारण पुढच्या रविवारी ते तिच्यासाठी न सांगता पाट्याला टाकी लावणाऱ्या बाईला घेऊन आले.

रविवारी ते येत. फाटकाशी उभे राहून सायकलची घंटी वाजवत आणि कुणी "या" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नसत. स्वतःच्या घराच्या फाटकाशी असे पाहुण्यासारखे थांबणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. नळाचा वायसर, दाराची कडी, कौलातली गळती, जे असेल ते नीट करून ओट्यावर बसत. मग समोरच्या बिऱ्हाडातून कंपाउंडर बाहेर येई, आणि दोघांच्या गप्पा रंगत.

या कंपाउंडरची ओळख करून द्यायला हवी. एका डॉक्टरांच्या दवाखान्यात तो गोळ्यांच्या पुड्या बांधी आणि इंजेक्शने देई. गोरा, बोलका, हाताचा हलका. बायको आणि दोन उपवर मुली. त्याच्या अंगाला स्पिरिटचा थंड वास येई, आणि त्याची सुई टोचली आहे हे माणसाला ती निघाल्यावर कळे. भाऊंनी समोरच्या खोल्या त्याला दिल्या तेव्हाच सांगून ठेवले होते, की मी मिलमधून रिटायर झालो की या मला लागतील. कंपाउंडर म्हणाला होता, भाऊ, तुम्ही सांगाल त्या दिवशी.

कारण भाऊ स्वतः भाड्याने राहत. मिलच्या मागच्या चाळीत, एका खोलीत. आयुष्याची कमाई घालून हे घर बांधले. पण नोकरी होती तोवर भोंग्याच्या हाकेच्या अंतरावर राहणे सोयीचे होते. मी एकदाच त्या खोलीत गेले. दुपारी तीन वाजता आत दिवा लागत होता. एक दार, खिडकी नाही; भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली स्टोव्ह, आणि खाटेवर तक्क्याला टेकून बसलेल्या वहिनी, भाऊंच्या पत्नी. ऐन उमेदीची वर्षे वहिनींनी मिलच्या वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळण्याच्या कामावर काढली होती. कापसाची बारीक धूळ त्यांच्या छातीत कायमची वस्तीला आली होती. एका श्वासात मावेल एवढेच त्या बोलत, मग थांबत, मग पुढचे. मी कविता शिकवणारी. मला त्यांचे बोलणे यती सांभाळत म्हटलेल्या ओवीसारखे वाटे, आणि असे वाटल्याची लगेच लाजही वाटे.

"डॉक्टर म्हणते हवा पाह्यजे," त्या मला म्हणाल्या. मग थांबल्या. "इथं तं... आवाजच येते. हवा नाही येत."

समोरच्या दोन खोल्यांपुढे रेल्वेचे मोकळे मैदान होते. उन्हाळ्यातही संध्याकाळी तिथून असा वारा येई की ओट्यावर वाळत घातलेली चादर आडवी होई; आमच्या मागच्या खोल्यांपर्यंत मात्र तो पोचत नसे. वहिनींना त्या वाऱ्यात आणून बसवायचे, एवढेच भाऊंना आता आयुष्याकडून हवे होते.

भाऊ रिटायर झाले. दिवाळी झाली की बघतो, कंपाउंडर म्हणाला. दिवाळीनंतर थोरलीचे स्थळ आले. मग ते मोडले. मग धाकटीची परीक्षा. कंपाउंडर लबाड नव्हता. त्याच्या ऐपतीत मिळतील अशा खोल्या शहरात उरल्या नव्हत्या, आणि दोन लग्नाच्या मुली घेऊन कुठल्याही गल्लीत जाऊन राहण्याची त्याची छाती होत नव्हती. पण तो रोज संध्याकाळी दवाखाना सुटला की सायकलवर टांग टाकून मिलमागच्या चाळीत जाई, वहिनींच्या स्टोव्हवर सुई उकळी, आणि त्यांना दम्याचे इंजेक्शन देई. एकही नागा नाही. भाऊ त्याला चहा पाजत, तो वहिनींची नाडी पाही, आणि घर सोडण्याचा विषय दोघेही काढत नसत. ज्या हवेवाचून वहिनी तळमळत होत्या ती हवा त्याच्या ताब्यात होती, आणि त्यांचा श्वास चालू ठेवणाराही तोच होता. याला काय म्हणावे ते तुम्हीच ठरवा.

त्या काळचा नियम असा होता, की कचेरीची परवानगी घेतल्याशिवाय मालकाला भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येत नसे. परवानगीला कारण लागे, कारणाला पुरावा, पुराव्याला तारखा. भाऊंकडे कारणही होते आणि पुरावाही खाटेवर होता. आमच्या शाळेतल्या एका बाईंचे यजमान वकील होते. त्यांना मी विचारले. ते म्हणाले, स्वतः भाड्याने राहणारा मालक, आजारी बायको, याहून स्वच्छ प्रकरण माझ्याकडे कधी आलेले नाही. उद्या अर्ज करा.

रविवारी मी भाऊंना हे सांगितले. ते आमच्या मोरीची जाळी बसवत होते. ती त्यांनी आधी नीट बसवली. मग हात धुता धुता त्यांनी जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत सांगते, कारण त्यांच्या शब्दांत ते फार थोडे होते.

लग्न होऊन ते नुकतेच नागपुरात आले होते. इतवारीकडच्या एका घरी खोली मिळाली. मालकाने आडनाव विचारले नव्हते, यांनी सांगितले नव्हते. महिन्याभराने कुणीतरी जाऊन सांगितले. दुपारी भाऊ मिलमध्ये होते. परतले तेव्हा भांडी गल्लीत होती, पिठाचा डबा उपडा पडला होता, आणि वहिनी रस्त्यावर उकिडव्या बसून मातीत मिसळलेले पीठ वरवरून उचलून ओच्यात भरत होत्या. लोक ओट्यांवर उभे राहून पाहत होते. पुढे छप्पन्न साली भाऊंनी दीक्षा घेतली. मिलमागच्या चाळीचा मालक भाडेकरूंना बाहेर काढू लागला तेव्हा हेच भाऊ सगळ्यांना घेऊन कचेरीत गेले, आणि परवानगीशिवाय नोटीस नाही, हे नियमातले एक इंग्रजी वाक्य पाठ करून आले. ते वाक्य ते आपल्या उच्चारात, विंचू उतरवणाऱ्याने मंत्र म्हणावा तसे म्हणत. कुणावर घर सोडायची पाळी आली की वस्तीतले लोक त्यांना बोलवायला येत.

"आता त्याच कचेरीत जाऊ?" भाऊ मला म्हणाले. "तिथले चपराशी ओळखते मले. म्हणतीन, आज कोणाले वाचवाले आले, भाऊ?"

मग सरकारने हे नियम बदलायचे मनावर घेतले. नियम जुने झाले, मालकांच्या तक्रारी, भाडेकरूंच्या तक्रारी. तेव्हा दोघांचेही म्हणणे ऐकण्यासाठी जिल्हा कचेरीत सभा ठेवली. भाऊंना आशा वाटली. कागदावर त्यांचे म्हणणे नीट उतरवून द्यायला मला सोबत चला म्हणाले.

दालनात मध्ये वाट सोडून दोन्हीकडे खुर्च्या मांडल्या होत्या. उजवीकडे घरमालक: पांढरी धोतरे, अत्तराचे फाये, पानाचे डबे. डावीकडे भाडेकरू: पोस्टातले, रेल्वेतले, शाळांमधले, बरेचसे माझ्यासारखे. पंखे उजवीकडे जास्त होते. भाऊ आत आले आणि मधल्या वाटेत उभे राहिले. टेबलामागच्या अधिकाऱ्याने विचारले, तुम्ही मालक की भाडेकरू?

"दोन्ही हावो, साहेब."

सभा हसली. उजवीकडच्या एका शेठजींनी पान सावरत सुचवले, "अर्धे इकडे बसा, भाऊ, अर्धे तिकडे." डावीकडून कुणीतरी म्हणाले, भाऊ आपलेच आहेत, इकडे या. भाऊ कुठेच बसले नाहीत. पुढचे सगळे त्यांनी मधल्या वाटेत उभे राहून, शर्टाचे खालचे बटण चाचपत सांगितले.

"ज्यानं घर बांधलं त्याले मरायच्या आंधी त्यात राहाले भेटलं पाह्यजे. अन् जो राहून राहिला त्याचं भांडं रस्त्यावर नाही आलं पाह्यजे. मालकाले खरंच गरज असन, तं त्यानं आंधी भाडेकरूसाठी दुसरी जागा पाहावं. चांगली पाहावं. आपण जशी आपल्या पोरीसाठी पाह्यतो तशी. मंगच म्हणावं, उठा. असं लिहा."

अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, असे केले तर कुठला मालक घर शोधत फिरेल? उजवीकडे पुन्हा हशा झाला. पण लिहिणाऱ्याने ते लिहून घेतले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तो कागद पुढे कुठल्या कपाटात गेला ते मला माहीत नाही. आम्ही त्या घरात असेपर्यंत तरी त्या बाबतीत काही बदलले नाही.

भाऊंनी मात्र वाट पाहिली नाही. आपणच सुचवलेला नियम आपल्याला तरी लागू आहे, असे त्यांनी धरले, आणि पुढच्या रविवारपासून ते कंपाउंडरसाठी घर शोधू लागले. साऱ्या नागपुरात असा मालक तेवढा एकच असेल. कंपाउंडर दवाखान्यात अडकलेला. म्हणून त्याची बायको, तिला सोबत म्हणून मी, आणि पुढे सायकल हातात धरून चालणारे भाऊ, अशी आमची वरात निघे.

पहिले काही रविवार मौजेचे होते. भाऊ घरमालकाशी बोलण्याआधी भिंतीशी बोलत. एका ठिकाणी त्यांनी तीन भिंती वाजवल्या आणि मालकालाच सल्ला दिला की तुम्हीही इथे राहू नका. दुसरीकडे संडास पलीकडच्या गल्लीत होता. जवान पोरी पावसात कशा जातील, म्हणून नापास. तिसरीकडे सारे ठीक होते, पण शेजारी गूळ उकळणाऱ्याची भट्टी होती. कंपाउंडरची बायको दबक्या आवाजात म्हणे, चालेल हो आम्हाला. आणि भाऊ मान हलवत. "तुमाले चालन. मले नाही चालत."

हिवाळा संपला. वहिनींचा दम वाढला. शोध कसा चालला आहे ते मी त्यांना जाऊन सांगे, आणि त्या डोळे पुसेपर्यंत हसत. हसण्याने खोकला येई, तरी हसत. "यायले घर शोधाले लावलं..." थांबून, "तं हे जलमभर शोधतीन." मग हात माझ्या हातावर ठेवून विचारत, "तुमच्या इकडं आज वारा होता का, बाई?" मी होता म्हटले की त्या समाधानाने डोळे मिटत, जणू त्यातला थोडा मी पदरात बांधून आणला होता.

आणि एका रविवारी घर सापडले.

रामदासपेठेच्या कडेला, नवे बांधलेले. दोन खोल्या, आत नळ, मागे पेरूचे झाड. भाऊंनी चारी भिंती वाजवल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. कंपाउंडरची बायको खिडकीशी उभी राहून पडदा कुठे लावायचा ते हाताने मोजू लागली होती. भाडे जमण्यासारखे होते. घरमालक सदरा सावरत आले, गोड बोलले, आणि त्यांनी तिला आडनाव विचारले. तिने सांगितले. त्यांना फार आनंद झाला. छान, म्हणाले, आम्ही पाहूनच देतो. हलकी माणसे ठेवली की पुढे त्यांचे पाहुणेरावळे सुरू होतात. हे ते भाऊंकडे पाहून, वडीलधाऱ्या माणसाची संमती घ्यावी तसे म्हणाले.

भाऊंनी भिंतीवरचा हात काढून घेतला.

"चला, बाई," ते आम्हाला म्हणाले आणि बाहेर पडले.

पेरूच्या झाडाखालून, फाटकातून, थेट रस्त्यावर. त्यांनी सायकलचे स्टँड काढले. कंपाउंडरची बायको मागून जवळजवळ धावत आली. ती रडकुंडीला आली होती. "पण आम्हाला तर देऊन राहिले होते न, भाऊ."

"तुमाले देऊन राहिले होते," भाऊ म्हणाले. "उद्या तुमच्या पोरीची सोयरीक जमली, अन् आमची ही तिले पाहाले आली. तं तिले कुठं बसवसान?"

रस्त्यात ऊन होते, आणि त्या घराच्या आवारातून कुणीतरी नुकत्याच शिंपडलेल्या मातीचा वास आमच्या मागोमाग येत होता. रामदासपेठेतून अजनीपर्यंत तिघे चालत आलो. मध्ये एकदाच भाऊ थांबले आणि कुणाला तरी समजावून सांगावे तसे, आमच्याकडे न पाहता म्हणाले, "दुसरं भेटन. शहर काय लहान हाये?"

त्या दिवसाचा विचार मी फार केला आहे. त्या बाईने ते घर घेतले असते, तर महिन्याच्या आत वहिनी ओट्यावर येऊन बसल्या असत्या. भाऊंचे चुकले असे म्हणायला माझी जीभ उचलत नाही. चुकले नाही असे म्हणावे, तर ती खिडकी नसलेली खोली डोळ्यांपुढे येते.

वहिनींना ही हकीकत भाऊंनीच सांगितली. मी समोर होते. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं केलं." आणि भाऊ पाणी आणायला बाहेर गेले तेव्हा मला विचारले, "खिडक्या किती होत्या वं त्या घराले?"

चैत्रात एकदा कंपाउंडरच्या मुलींनी हट्ट धरून त्यांना रिक्षात घालून आणले. ओट्यावर सतरंजी घातली, मागे लोड ठेवला. कंपाउंडरच्या बायकोने भाऊंना हात जोडले. तुम्ही दोघे आमच्यातच राहायला या, म्हणाली, पुढच्या खोलीत तुम्ही राहा, आम्ही आतल्या खोलीत मावू. भाऊ ओशाळले. एका खोलीत चार माणसे कोंबायची, त्यात दोन मोठ्या मुली, आणि आपण बाहेर वाऱ्याला बसायचे, हे त्यांच्या गळी उतरेना. "तुमचं बिऱ्हाड हाये," ते म्हणाले. "त्यात आमी कसे घुसू?" वहिनी या बोलण्यात नव्हत्याच. त्यांनी मैदानाकडे तोंड केले होते. डोक्यावरचा पदर वाऱ्याने मागे पडला तो त्यांनी सावरला नाही. त्या संध्याकाळी त्या एक पूर्ण वाक्य न थांबता बोलल्या. काय बोलल्या ते आठवत नाही. कडुनिंबाच्या मोहोराविषयी काहीतरी होते. पण मध्ये थांबल्या नाहीत, हे आम्हा सगळ्यांना एकदमच जाणवले आणि कुणीच कुणाकडे पाहिले नाही.

दिवे लागताना भाऊ त्यांना परत घेऊन गेले.

वैशाखात, भर दुपारी, वस्तीतली वीज गेली आणि पंखा थांबला. कुणीतरी दवाखान्यात धावले. कंपाउंडर उकळलेली सुई रुमालात गुंडाळून आला, पण द्यायला उशीर झाला होता. मी पोचले तेव्हा तो दाराबाहेर जमिनीवर बसला होता. सुई हातात तशीच. गेलेल्या बाईपेक्षा त्याच्याकडेच लोक जास्त पाहत होते. भाऊ आतून आले, त्याच्या शेजारी बसले, आणि त्याच्या हातातली सुई काढून घेऊन त्यांनी ती नीट डबीत ठेवली.

पावसाळा लागायच्या आत कंपाउंडरने घर शोधले. कुठे, कसे, भिंती कशा, काही सांगितले नाही. त्याला ते घर बघायला कुणी नकोच होते. निघताना त्याच्या बायकोने समोरच्या दोन्ही खोल्या शेणाने सारवल्या, उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिले, आणि माझ्या आईच्या गळ्यात पडून ती खूप रडली. सामान भरलेला हातठेला मैदानाच्या कडेने दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. रविवार नव्हता. फाटकाशी त्यांनी घंटी वाजवली नाही. आत कुणी "या" म्हणणारे नव्हते. मी मागून पाहिले तर ते समोरच्या खोलीच्या उंबऱ्यावर, दाराच्या चौकटीला पाठ लावून बसले होते. दोन्ही खोल्यांची दारे-खिडक्या सताड उघडी होती. सारवणाचा ओला, गारवा देणारा वास होता, आणि मैदानावरून येणारा वारा पुढच्या दाराने शिरून, दोन्ही खोल्या ओलांडून, मागच्या खिडकीने निघून जात होता. अडवायला आत एक वस्तू नव्हती.

मी पाण्याचा गडू आणून ठेवला. काहीतरी बोलायला हवे म्हणून मी म्हणाले, "भाऊ, सामान कधी आणता? मी आणि आई हात लावू. आता या राहायला."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिले, माझ्या मागच्या त्या मोकळ्या खोलीकडे पाहिले, आणि अगदी हळू, एखाद्या लहान मुलाने खरोखरच समजून घ्यायला ‘का’ म्हणून विचारावे तसे मला म्हणाले,

"काहून?"